काम नसताना संभाजीनगर

परभणीच्या माणसाला संभाजीनगरला जायला कारण लागतं. घाटीच्या सरकारी दवाखान्यात कुणीतरी ॲडमिट असतं, खंडपीठात तारीख असते, आयुक्तालयात फाईल असते, पोरांच्या परीक्षेचं सेंटर तिकडं आलेलं असतं, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायचा असतो. सकाळच्या गाडीनं निघायचं, काम उरकायचं, उभ्याउभ्या काहीतरी खायचं आणि रात्रीपर्यंत घर गाठायचं. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात आम्ही दोघं या शहरात सारखी ये-जा करत होतो. कोणत्या गल्लीत कोणती लॅब आहे, रात्री औषध कुठल्या मेडिकलवर मिळतं, सगळं पाठ झालं होतं. बीबी का मकबऱ्याचा घुमट मात्र लांबूनच दिसायचा.

एका रात्री जेवताना हे म्हणाले, "एकदा आपण दोघंच जाऊ संभाजीनगरला. काम कुठलंच काढायचं नाही." मला आनंद झाला आणि लगेच डोक्यात हिशेब सुरू झाला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, हे कृषी विद्यापीठात नोकरीला. मुलगी पुण्याला शिकायला. घरात सासूबाई, त्यांना मी मामी म्हणते. दोन दिवस घर सोडायचं म्हणजे दूधवाल्यापासून मामींच्या गोळ्यांपर्यंत सगळं लावून द्यावं लागतं.

शाळेतल्या मैत्रिणी म्हणाल्या, संभाजीनगर काय, महाबळेश्वरला जा, गोव्याला जा. पण परभणीहून शनिवार-रविवारात महाबळेश्वर करायचं म्हटलं तर दोघांचं तोंड एकमेकांकडं कमी आणि रस्त्याकडं जास्त. रेल्वेनं संभाजीनगर तीन-चार तासांवर. मोठं शहर आहे, नाटकगृह आहे, चांगली हॉटेलं आहेत, अर्ध्या तासापेक्षा थोड्याच जास्त अंतरावर वेरूळ आहे. आणि खरं सांगायचं तर या शहराचं आमच्यावर काहीतरी देणं राहिलंय असं मला आतून वाटत होतं.

तारीख ठरवायला आम्ही कालनिर्णय खाली काढलं. उन्हाळा आधीच बाद, मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यात काळ्या दगडावर पाय ठेवून बघा म्हणजे कळेल. पावसाळ्यात वेरूळचा डोंगर हिरवा होतो, एकोणतीस नंबरच्या लेण्याजवळ धबधबा कोसळतो, ते मला फार पाहायचं होतं. पण श्रावणात घृष्णेश्वराला सोमवारची आणि खुलताबादच्या भद्रा मारुतीला शनिवारची गर्दी लोटते. दिवाळीच्या सुट्टीत सगळा महाराष्ट्र बाहेर पडतो, तेही नको. मार्गशीर्ष लागला की आमच्या घरात मांसाहार बंद, आणि ह्यांच्या मनात एक गोष्ट होती ज्यासाठी तो चालू असणं गरजेचं होतं, ते पुढं सांगते. विद्यापीठात रब्बी ज्वारीची पेरणी आटोपली की ह्यांना जरा उसंत मिळते. असं एकेक खोडत गेलो तेव्हा कार्तिकातला वद्य पक्ष उरला.

त्यातही मी लग्नाच्या तिथी बघितल्या. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात. मुहूर्ताच्या शनिवार-रविवारी हॉटेलांत वऱ्हाडं उतरतात, रात्री बारापर्यंत बँड वाजतो, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या लग्नाचं आवतण आपल्यालाच येतं. ज्या शनिवार-रविवारी मुहूर्त नव्हता तो आम्ही धरला. बाहेरगावी दोघांनी जायचं असेल तर कुणी हवामान बघतं, कुणी भाव बघतं. मी म्हणेन, आधी पंचांगातले मुहूर्त बघा.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४पर्यंत ते एकशेवीस दिवस होतं. दिवाळीनंतर मुंबईकडं जाणाऱ्या गाड्यांना परतीची गर्दी असते, म्हणून उघडल्याउघडल्या तिकीट काढलं. जाताना शुक्रवारी शाळा सुटल्यावर संध्याकाळची गाडी आणि येताना रविवारी वंदे भारत. मुंबई-जालना वंदे भारत ऑगस्ट २०२५मध्ये नांदेडपर्यंत वाढवली, तेव्हापासून ती परभणीला थांबते. एसटीनं गेलो असतो तर स्वस्तात पडलं असतं, मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच. पण एसटीत पाच तास धक्के खाऊन उतरल्यावर माणूस एकमेकांशी गोड बोलेल याची मला खात्री नव्हती. शुक्रवारी रात्रीच पोचायचं, हा बेत सगळ्यात चांगला ठरला. शनिवारी सकाळी जाग येते ती हॉटेलात, पुढ्यात अख्खा दिवस, आणि दुपारी बाराच्या चेक-इनसाठी बॅगा घेऊन ताटकळायला नको.

मग मामींना सांगायची वेळ आली. "संभाजीनगरला? काय काम निघालं?" त्यांनी विचारलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "काम नाही मामी. दोघं फिरायला जायलोत." मामी थोडा वेळ वाती वळत राहिल्या. मग म्हणाल्या, "जा की. सेलूहून ताईला बोलवा दोन दिवस, माझं मी बघते." नवरा-बायकोनं नुसतं फिरायला जाणं ही आपल्याकडं आडून सांगायची गोष्ट का असावी, मला कळत नाही. सरळ सांगितलं की माणसं सरळ घेतात, निदान मामींनी घेतलं. नणंदबाईही आनंदानं आल्या.

पण बातमी फुटली तशी कामं यायला लागली. शेजारच्या काकूंना हिमरूची शाल हवी, माझ्या भावाला एका मशीनचं कोटेशन हवं, ह्यांच्या साहेबांचं पाकीट एका ऑफिसात द्यायचं होतं. मी सगळ्यांना हात जोडले. एक काम घेतलं की त्याच्या मागं दुसरं येतं आणि शनिवार सकाळ रिक्षात जाते. मामींचं तेवढं घेतलं, घृष्णेश्वराला त्यांच्या नावानं बेल वाहायचा. वेरूळला लेण्यांपासून मंदिर हाकेच्या अंतरावर, बारा ज्योतिर्लिंगांतलं हे शेवटचं, अहिल्याबाई होळकरांनी बांधून घेतलेलं. त्याला नाही म्हणायचं माझ्या जिभेवर आलं नाही.

आता काय बघायचं. ह्यांनी कागद घेऊन यादी केली: वेरूळ, अजिंठा, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की, औरंगाबाद लेणी, पैठण, सोनेरी महाल. शहराला बावन्न दरवाजे म्हणतात, त्यातले मकाई आणि भडकल. यादी बघूनच दमायला झालं. अजिंठा शंभर किलोमीटर, म्हणजे एक दिवस त्यातच. दौलताबादचा किल्ला चढायला अर्धा दिवस आणि गुडघे लागतात. मी म्हटलं, अर्ध्या दिवसाला एकच गोष्ट, त्याहून जास्त नाही. आणि दोघांनी आपापली एकेक गोष्ट मागायची, दुसऱ्यानं 'कशाला' म्हणायचं नाही.

मी नाटक मागितलं. आमच्याकडं नाटकाचे प्रयोग क्वचित येतात. कॉलेजात असताना मी स्नेहसंमेलनातल्या नाटकात काम केलं होतं, त्यानंतर अंधारात खुर्चीवर बसून पडदा वर जाताना बघायचं राहूनच गेलं. उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर आहे, तिथं शनिवारी रात्रीचा प्रयोग होता. ह्यांनी नान-खलिया मागितला, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा. शनिवारी आमच्यात मटण चालत नाही, म्हणून तो रविवारी दुपारी. म्हणूनच मार्गशीर्षाच्या आत जायचं होतं.

हॉटेल शोधताना मी फोटोंवर भरवसा ठेवला नाही, फोन केले. तीन गोष्टी विचारायचे: खोली रस्त्याकडची की मागची, गरम पाणी किती वाजता येतं, आणि रात्री नऊनंतर आलो तर दार उघडं आहे का. एका ठिकाणी वेगळाच प्रश्न आला. माझ्या आधारवर माहेरचं आडनाव आहे, तर लग्नाचा दाखला आणा म्हणाले. ओळखपत्र मागणं रीतसर आहे, लग्नाचा दाखला दाखवला तरच खोली द्यायची असा कायदा नाही. मी तिथं पुढं बोलणंच वाढवलं नाही. दुसऱ्या हॉटेलातला मुलगा म्हणाला, "ताई, दोघांचं आधार आणा, बस." तिथं खोली घेतली. उस्मानपुऱ्याजवळ, म्हणजे नाटकाहून पायी परत येता येईल आणि स्टेशनही लांब नाही. जागेचा एवढा विचार केल्यामुळं रिक्षाचे पैसे तर वाचलेच, पण रात्री साडेबाराला नवऱ्यासोबत रस्त्यानं चालत यायचं सुख मिळालं. परभणीत आम्ही रात्री कुठं चालत जातो?

गाडीत खिडकी मिळाली. मानवत रोड, सेलू, परतूर, जालना ही स्टेशनं आम्हाला तोंडपाठ, पण त्या दिवशी ह्यांच्या मांडीवर फाईल नव्हती आणि माझ्या पिशवीत रिपोर्ट नव्हते. सेलूच्या अलीकडं अंधार पडला. वेचणीचा कापूस भरलेली ट्रॅक्टरं फाटकावर उभी होती. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती, ती गाडीतच खाल्ली. नणंदबाईंचा सेलूहून निघाल्याचा फोन आधीच येऊन गेला होता, मामींच्या गोळ्यांचा डबा त्यांना कुठं आहे ते मी सांगितलं आणि फोन पिशवीत टाकला.

शनिवारी सकाळी काहीच ठरवलं नव्हतं. तेव्हा ह्यांनी हळूच विचारलं, "हिमायतबागेत येतेस का?" दिल्ली दरवाजाजवळची ही जुनी मोगलकालीन बाग, तिथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. हे तिथं कितीदा तरी ऑफिसच्या कामानं आलेले. सकाळी शहरातली माणसं तिथं फिरायला येतात. ह्यांनी मला आंब्याची जुनी झाडं दाखवली, कलम कसं बांधतात, डोळा कुठून घेतात ते सांगितलं. इतकी वर्षं हा माणूस संध्याकाळी घरी आल्यावर "कसा गेला दिवस" या प्रश्नाला "बरा" एवढंच उत्तर देत आला. त्या सकाळी मला कळलं की ह्यांना झाडांबद्दल बोलायला किती आवडतं आणि घरात ते बोलायला जागाच नसते. समोरच्या बाजूला सलीम अली सरोवर आहे, जुनं नाव खिजरी तलाव. त्याच्या बाजूनं थोडं चाललो, चहा घेतला.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, शनिवार-रविवारी गर्दी असते, हे माहीत होतं. तरी आम्ही दुपारची वेळ धरली, कारण तिथली लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत. सकाळी ती सावलीत असतात आणि तीननंतर ऊन सरळ आत येतं. एक टॅक्सी दिवसभरासाठी ठरवली. दौलताबादजवळ रस्ता किल्ल्याच्या जुन्या वेशीतून जातो, तिथं गाड्या खोळंबतात. ड्रायव्हरला ते माहीत होतं, त्यानं आम्हाला दीडच्या आधीच बाहेर काढलं. वाटेत सीताफळांच्या टोपल्या घेऊन बाया बसल्या होत्या. दौलताबादची सीताफळं ती, येताना घेऊ म्हटलं आणि घेतलीही.

तिकीट माणशी चाळीस रुपये. चौतीस लेणी आहेत, एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. आम्ही त्यातली तीनच निवडली होती. दोघंच असलात तर हे करा, मनापासून सांगते. सगळी बघायच्या नादात माणूस लेण्यांच्या दारांना हात लावत पळतो.

पहिलं चौदा नंबरचं, त्याला रावण की खाई म्हणतात. आत भिंतीवर शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. खाली नंदी आणि त्याची खोडी काढणारे गण. मी तिथं बराच वेळ उभी राहिले. संसाराचं इतकं साधं चित्र, नवरा-बायको डाव मांडून बसलेत, ते दगडात कोरावं असं तेरा-चौदाशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं. तांडव कोरणं, महिषासुरमर्दिनी कोरणं मी समजू शकते, ती भव्य आहेत आणि तिथंच आहेतही. पण सारीपाट! हे म्हणाले, "आपल्याकडं पण पत्ते होते की, लग्नाच्या नव्यात." होते. कपाटावर असतील अजून.

दहा नंबर म्हणजे सुतार की झोपडी. बौद्ध चैत्य, छताला लाकडी फासळ्यांसारख्या कमानी, पण सगळं दगडाचं. समोर बसलेले बुद्ध. आत कुणीतरी हळू आवाजात बुद्धवंदना म्हणत होतं आणि तो आवाज छताला लागून परत यायचा. आम्ही बाजूला बसून ऐकलं.

मग सोळा. कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. मंदिर बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणून आतून मंदिर मोकळं केलेलं आहे. कोरलेल्या जागेची लांबी सुमारे ८४ मीटर आणि रुंदी ४७ मीटर. ही गोष्ट पुस्तकात मी मुलांना शिकवते, पण अंगणात उभं राहून वर बघितल्यावर शिकवलेलं सगळं अपुरं वाटलं. शिखर आधी, पाया शेवटी, आणि चूक झाली तर दगड परत जोडता येत नाही.

त्याची एक लोककथा आहे. राजा आजारी पडला, राणी माणिकावतीनं घृष्णेश्वराला नवस बोलला की राजा बरा झाला तर मंदिर बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. बाकीचे कारागीर म्हणाले, शिखर दिसायला कित्येक महिने लागतील. पैठणचा कोकस नावाचा स्थपती म्हणाला, आठवड्यात दाखवतो, आणि त्यानं वरून कोरायला सुरुवात केली. इतिहास म्हणून कुणी ही कथा मानत नाही. मला ती ऐकताना वेगळंच काही आठवलं. सासऱ्यांच्या आजारपणात घाटीच्या बाकावर मामी बसून असायच्या आणि खायला नको म्हणायच्या. पैठणच्या त्या कारागिरानं उपाशी बाईची निकड ओळखली, हे कथेतलं मला फार मोलाचं वाटतं.

मंदिराच्या दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय, वर पार्वती घाबरून शंकराच्या दंडाला बिलगलेली, दासी पळत सुटलेली. ते ऊन त्यावर पडलं होतं. ह्यांनी माझा हात धरला. परभणीत बाजारात हे माझ्या चार पावलं पुढं चालतात. इथं आम्हाला कुणी ओळखत नव्हतं आणि मी हात सोडवून घेतला नाही.

घृष्णेश्वराला रांग लांब होती. गाभाऱ्यात पुरुषांनी कमरेच्या वर उघडं होऊन जायचं असतं, हे आत जायला तयार होते, पण मग नाटक चुकलं असतं. बाहेरूनच मुखदर्शन घेतलं, बेल पुजाऱ्यांकडं मामींच्या नावानं दिला. मामींना फोन करून तसं सांगितलं. "पोचला बेल, झालं की," म्हणाल्या.

नाटकाबद्दल जास्त लिहीत नाही, ते ज्यानं त्यानं बघावं. मी गजरा घातला होता, जरीची फिकी जांभळी साडी नेसले होते. मध्यंतरात वडा आणि चहा. संपल्यावर उस्मानपुऱ्यातल्या तारा पान सेंटरवर गेलो, त्या रात्रीही तिथं गर्दी होती. गोड पान घेतलं आणि चालत हॉटेलवर आलो. कुठल्या नटाचं काम चांगलं झालं यावर आमचं जिन्यापर्यंत भांडण चाललं होतं.

रविवारी लवकर उठून मकबऱ्यावर गेलो. तिकीट पंचवीस रुपये. पहाटेनंतरच्या त्या वेळेला मोजकीच माणसं असतात. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू, १६५७ साली वारली, तिच्या आठवणीत मुलानं, आझमशहानं, हे बांधलं असं सांगतात. लोक याला दख्खनचा ताज म्हणतात आणि जोडीनं फोटो काढतात, पण या सांगण्याप्रमाणं हा मकबरा नवऱ्यानं बायकोसाठी नाही, लेकरानं आईसाठी बांधलेला आहे. मला ते जास्त आवडतं. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपतराय या बांधणाऱ्यांची नावं आहेत, हे आवर्जून शोधून बघा. नाव कोरलेल्या कारागिरांचं भाग्य मोठं, वेरूळला इतक्या हातांचं काम आहे आणि तिथं असं एकही नाव आम्हाला दिसलं नाही.

तिथून मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी दोन किलोमीटर. वेरूळच्या नावापुढं ही झाकून जातात, इतकी की संभाजीनगरात राहणारी माणसंही गेलेली नसतात. सात नंबरच्या लेण्यात गाभाऱ्याच्या भिंतीवर नाचणारी बाई आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं घेतलेल्या सहा बायका कोरल्यात. अंधार असतो, डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो. मग हळूहळू कमरेचा बाक दिसतो, बोटं दिसतात. पायऱ्यांवरून खाली बघितलं की सगळं शहर आणि मकबरा दिसतो. ह्यांनी बोट करून दाखवलं, ती तिकडं घाटी, तिकडं विद्यापीठ. वरून ते सगळं एका नजरेत मावत होतं. सासऱ्यांची आठवण निघाली, आम्ही दोघंही थोडं रडलो आणि तसंच बसून राहिलो. रडणं बेतात नव्हतं, पण दोघांनीच गेल्याशिवाय ते झालंही नसतं. घरात आम्ही दोघं मामींसाठी धीट राहिलो होतो.

खोली बाराला सोडायची होती. बॅगा काउंटरला ठेवून शहागंजच्या बाजूला गेलो. नान तंदूरमधून निघालेली, पिवळसर, तळहातापेक्षा मोठी, आणि वर तेलाचा तवंग असलेला मटणाचा खलिया. तुघलकाच्या लष्कराबरोबर हा पदार्थ इकडं आला असं इथली माणसं सांगतात. महंमद तुघलकानं १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली होती. ह्यांनी नान रश्श्यात बुडवून मला पहिला घास दिला. चमचमीत नाही, आपल्या काळ्या मसाल्यासारखा जाळही नाही, मऊ आणि खोल चवीचा आहे. परत मागवला. नंतर गुलमंडीवर इमरती खाल्ली आणि काकूंसाठी हिमरूची शाल घेतली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, वेळ होता आणि मला विणकाम हातात घेऊन बघायचं होतं. रेशीम आणि सूत मिळून विणतात, त्यामुळं वजनाला हलकी आणि अंगाला ऊबदार. दुकानातल्या चाचांनी उलटी बाजू दाखवून धागे कसे जातात ते समजावलं.

खर्चाचं म्हणाल तर सगळ्यात जास्त खोलीवर आणि त्याखालोखाल टॅक्सीवर गेला. बघण्याच्या तिकिटांना जेमतेम एका जेवणाएवढे पैसे लागले. मी परत केलं तर खोलीवर हात आखडणार नाही, कारण वेरूळला निघायच्या आधी दोन तास पडून बोलत राहिलो ते त्या खोलीमुळं.

वंदे भारतच्या खुर्चीवर बसल्यावर ह्यांनी खिशातून तो यादीचा कागद काढला. दौलताबाद, पैठण, पाणचक्की, अजिंठा यांच्यावर काट मारलेली नव्हती, नुसती राहिलेली होती. अजिंठ्यापुढं ह्यांनी खूण केली. ते सोमवारी बंद असतं, आणि वाघूर नदी भरून वाहत असताना जायचं असं आमचं ठरलंय, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. परवा आरक्षणाच्या तारखा काढून बघितल्या. पोळा आणि गणपती सोडून एक शनिवार मोकळा आहे, नणंदबाईंना विचारायचं तेवढं बाकी.